गुडघ्याखाली चार बोटं

२ मार्च

"माझं अंग म्हणजे काय दाराची कडी आहे, येता-जाता कुणीही हात लावायला?" — लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात आई मला म्हणाल्या होत्या. आई म्हणजे सासूबाई. त्यांचं डोकं दुखत होतं, आणि मी नवी सून, मायेने कपाळावर हात ठेवायला गेले. हात हवेतच राहिला. वीस-बावीस वर्षं झाली, अजून तिथेच आहे म्हणायला हरकत नाही.

आज ते आठवलं, कारण धाकट्या दिरांचा फोन आला. महिनाअखेरीला येतायत, आईंना घेऊन जायला. कायमचं. त्यांचं घर तळमजल्यावर. आमचं तिसऱ्यावर, लिफ्ट नाही, आणि आईंचे गुडघे असे की हिवाळाभर त्यांनी रस्ता फक्त खिडकीतून पाहिलाय. नवरा म्हणाला, "तिच्याच सोयीचं आहे." आई म्हणाल्या, "बघू."

मी स्वयंपाकघरात गेले. घरात शांतता होईल म्हणून खरं तर आनंद व्हायला हवा. मग मी भांडी एवढी का आपटली?

३ मार्च

कळलं. त्या गेल्या तर मी भांडू कुणाशी? नवऱ्याशी भांडणं म्हणजे उशीला बुक्के मारणं — आपला हात दुखतो, उशी तशीच.

५ मार्च

मी चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवते. आज एका आजींनी सुईवाल्या बाईंचा पत्ता दिला. चिनी पद्धतीचे उपचार — सुया, कप, मालिश, सगळं. घरी येऊन करतात. "पूर्वी मला उंबरा ओलांडवत नव्हता. आता बघ!" म्हणून आजींनी मला दुकानाची पायरी चढून दाखवली. एकच पायरी आहे. मी तरी भारावून गेले.

घरी येऊन आईंना सांगितलं. "सुया? मी काय शिवणकाम आहे?"

पण गुडघे बरे झाले तर जायचं कारणच उरणार नाही! हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. फक्त इथे.

७ मार्च

सुईवाल्या बाई आल्या. हातात घडीचं टेबल, पाठीवर पिशवी, आणि तीन मजले चढून धाप नाही. हीच त्यांची जाहिरात.

आई म्हणाल्या, "आधी हिला करा. हिचा खांदा दुखतो."

माझा खांदा मुळीच दुखत नव्हता! पण नाही म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. झोपले टेबलावर पालथी. काचेचा कप, त्यात क्षणभर ज्योत फिरवायची आणि पटकन पाठीवर टेकवायचा — कातडी अशी आत ओढली जाते, की जणू कप आपल्याला पिऊ लागलाय. आईंनी खुर्ची अगदी जवळ ओढली.

"तिथे अजून जागा आहे," त्या म्हणाल्या. "अजून एक लावा."

इतकं प्रसन्न त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी पाठभर वांग्याच्या रंगाची वर्तुळं! नवरा म्हणाला, "कुणी पेले ठेवून विसरलं का तुझ्या पाठीवर?" एवढं बारीक लक्ष त्याने लग्नानंतर पहिल्यांदाच दिलं असेल.

आणि खांदा हलका वाटतोय. म्हणजे दुखत होता की काय?

१० मार्च

आईंची पाळी. बाईंनी आधी नाडी पाहिली, दोन्ही हातांची. "थांबली असेल तर सांगा, चावी देऊ," आई म्हणाल्या. मग बाई म्हणाल्या, "जीभ दाखवा."

इथे घोळ झाला. आईंनी पहाटेपासून तयारी केली होती. पाहुणे येणार म्हणून ओटा घासावा तशी जीभ घासली होती. लालचुटूक, चकचकीत! बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, जिभेवरचा थर पाहूनच आम्हाला आतलं काय ते कळतं. तुम्ही तर सगळा पुरावाच पुसून टाकलात!"

"मग काय घाणेरडं तोंड दाखवू परक्या बाईला?" आई फुरंगटल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, हे जीभ दाखवून.

मग बाईंनी गुडघ्यासाठी म्हणून पहिली सुई टोचली ती कोपराजवळ. आई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जखम मांडीला आणि मलम शेंडीला!" पण हात मागे घेतला नाही. मी पाहिलं.

१३ मार्च

आजचं लिहिताना अजून हसू येतंय, दुपारी मात्र येत नव्हतं.

आईंनी आज्ञा पाळली. सकाळी जीभ घासली नाही. पण न घासलेल्या तोंडाला वास येईल ही शरम! म्हणून बाई जिना चढत असताना त्यांनी गुपचूप खोकल्याची जांभळी गोळी तोंडात टाकली. मला पत्ताच नाही.

"दाखवा," बाई म्हणाल्या. आईंनी दाखवली. बाईंचा चेहरा उतरला.

"जांभळी जीभ म्हणजे रक्त साचलंय," त्या हळूच मला म्हणाल्या. "पण एवढी जांभळी मी उभ्या जन्मात पाहिली नाही." त्यांनी बॅटरी काढली, नखं दाबून पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या. "आधी मोठ्या दवाखान्यात दाखवा." मनातल्या मनात मी दिरांना बोलावलं, नवऱ्याला रडवलं, आईंना सगळ्या भांडणांबद्दल माफ केलं आणि स्वतःला मुळीच नाही.

तेवढ्यात आई शांतपणे म्हणाल्या, "गोळी संपली. दुसरी घेऊ का?"

बाई हसत सुटल्या आणि तोल जाऊन टेबलावर बसल्या. घडीचं टेबल. त्याने घडी केली. लागलं कुणालाच नाही, पण आईंनी जागेवरून पाहणी करून निदान केलं, "यांच्या टेबलाचेच गुडघे गेलेत."

१४ मार्च

गृहपाठ मिळालाय. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला, एक खोलगट जागा आहे. ती रोज संध्याकाळी अंगठ्याने दाबायची. आईंचा अंगठा तिथवर पोचतो, जोर पोचत नाही. नवरा म्हणाला, "मला ती जागाच सापडत नाही," आणि सोफ्यावरची स्वतःची जागा बरोबर सापडली त्याला.

उरले मी. त्यांच्या पायाशी बसले. हात पुढे होईना.

"आलीस कडीला हात लावायला?" आई म्हणाल्या.

लक्षात आहे त्यांच्या!

"लाव," त्या म्हणाल्या. "पण बडबड नको."

मी बोललेच नाही. त्याच बोलत होत्या, अंधार पडेपर्यंत.

१८ मार्च

धूर! बाईंनी वाळक्या पाल्याची जाड कांडी दिलीय. ती पेटवून गुडघ्याजवळ नुसती धरायची, ऊब द्यायची, टेकवायची नाही. आम्ही खिडक्या बंद ठेवून धरली — ऊब वाया जायला नको, ही आईंची काटकसर. खालचे काका पाण्याची बादली घेऊन वर धावले. नवऱ्याने दार उघडलं आणि बादली त्याच्यावर.

आई धुरातून ओरडल्या, "विझला का तो?"

१९ मार्च

नवऱ्याला सर्दी. जांभळ्या गोळ्या त्याला दिल्या. जीभ पाहिली. रक्त साचलंय.

२२ मार्च

काल बाईंनी विचारलं, "तुम्हाला राग येतो का हो?" मी नाही म्हणायच्या आत आई म्हणाल्या, "येतो." म्हणून माझ्या कानाच्या पाळीला पट्टीखाली बारीक बिया चिकटवल्यात. राग आला की दाबायच्या.

आज एका गिऱ्हाइकाने दुकानातली प्रत्येक फ्रेम लावून पाहिली आणि शेवटी पहिलीच घेतली. कान टोमॅटोसारखा झालाय.

आई म्हणाल्या, "दुसरा कान मोकळा आहे ना? मग मी बोलते."

२६ मार्च

उतरल्या! आई जिना उतरल्या! कठडा धरून, मध्ये एकदा कुणाच्या तरी दाराशी टेकून, पण स्वतःच्या पायांनी. फाटकापर्यंत गेल्या. रस्त्याकडे दोन्ही बाजूंनी नीट पाहून घेतलं, जणू सगळं जागेवर आहे ना याची खात्री करत होत्या. मग काकांना धुराबद्दल सॉरी म्हणून परत तिन्ही मजले चढल्या. मी मागे हात पसरून, क्षेत्ररक्षकासारखी.

सुया, की ऊब, की अंगठा, कोण जाणे. मला काय त्याचं! जिंकलो. उद्या दिरांना फोन करते — येऊ नका म्हणून.

२७ मार्च

फोन करायच्या आधी आईंच्या खोलीत डोकावले. बॅग भरतायत.

"अहो, आता कशाला? बरे झाले ना गुडघे!"

"म्हणूनच तर," त्या म्हणाल्या. "दुखणं घेऊन धाकट्या सुनेकडे मी जाणारच नव्हते. तिच्यासमोर कण्हायचं कसं गं? संकोच वाटतो. तुझ्यासमोर कण्हता येतं."

उद्या सुईवाल्या बाई येतायत, शेवटचं. जिन्यातच गाठणार आहे त्यांना. एकच गुडघा — डावा चालेल — अगदी थोडासा, परत दुखरा करून मिळेल का? नाहीच म्हणतील. विचारणार आहे.