पुठ्ठ्याची खुर्ची

प्रिय ओमारी,

टोरोंटोच्या डिझाइन कॉलेजात आपल्या दोघांनाही प्रवेश मिळाला होता. तुझी आई आजारी पडली म्हणून तू जमैकात, किंग्स्टनलाच थांबलास. "तू हो पुढे, वर्षभरात येतोच," म्हणालास. आता माझं तिसरं वर्ष चालू आहे.

आज मी केलेल्या पुठ्ठ्याच्या खुर्चीवर सर स्वतः बसले आणि खुर्चीसकट खाली आले. "दिसायला झकास, बसायला नाही!" म्हणत तेही हसले. हे तुलाच सांगावंसं वाटलं, म्हणून फोन लावला. एका बाईने उचलला.

"ओमारी बाळाला झोपवतोय. आपण कोण?"

"त्याच्या वर्गातली."

"काही निरोप?"

"नाही, सहजच."

ज्या वर्गात तू कधी बसलाच नाहीस, त्यातली मी. तिच्यापुरती तेवढीच ओळख राहू दे, म्हणून हे पत्र पाठवत नाही.

शनीक