सहा नंबरची खाट

मंगळवार, ४ मार्च

बाई कोसळल्या! सकाळी दहाच्या सुमारास. अंगभर घाम, हात बर्फासारखे, जीभ जड. पडताना डोकं खाटेच्या कोपऱ्यावर आपटलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर पार तळाला गेली आहे. पण बाईंना मधुमेह नाहीच! साखर उतरवायची गोळी त्यांच्या पोटात गेली कशी?

कशी गेली ते मला ठाऊक आहे.

शनिवारी दुपारी मी दोघींच्या खाटा बदलून दिल्या. सहा नंबरची खाट खिडकीजवळची. तिथे शिवणवाल्या आजी होत्या, मधुमेहाच्या, त्यांना वारा सोसेना. चार नंबरवर बाई. जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला, त्यांना वाचायला उजेड हवा होता. म्हटलं, घ्या बदलून! दोघी लहान मुलींसारख्या खूश. पण आठवड्याच्या गोळ्या मी सकाळीच डब्यांत भरून ठेवल्या होत्या. आमच्या वृद्धाश्रमात डबीवर खाटेचा नंबर असतो, माणसाचं नाव नसतं. खाट बदलली की दाराशी टांगलेल्या वहीत मी नोंद करायची. सकाळी गोळ्या देणाऱ्या आयेनं ती वाचून डब्या बदलायच्या. नोंद नसेल तर डबी बरोबर आहे असं धरून चालायचं.

केली होती का मी नोंद? आठवत नाही. खरंच आठवत नाही. वहीजवळ जायचा धीर होत नाही.

बुधवार, ५ मार्च

आश्रमप्रमुख सिस्टरनी वही मागवली. त्यांना मोतीबिंदू, म्हणून कारकुनानं वाचून दाखवलं – "शनिवार. चार आणि सहा, खाटा बदलल्या." नोंद होती! मी उगाच रात्रभर तळमळले.

म्हणजे चूक चिमणीची. आमची आया – चाळिशीची, एवढीशी, दिवसभर चिवचिवाट, म्हणून चिमणी. आज मान खाली.

"वाचायची राहिली, सिस्टर."

"राहिली? बाईंचा जीव गेला असता!"

पुढच्या शनिवारपासून चिमणीचं काम बंद.

मी मध्ये पडले. म्हटलं, सिस्टर, एवढा एक डाव माफ करा, माणूस आहे, चुकतं. सिस्टर म्हणाल्या, बघू. बाहेर स्वयंपाकीण म्हणाली, "मावशी, तुमचं काळीज म्हणजे नुसतं लोणी!"

गोड वाटलं. इथे खोटं कशाला लिहू? फार गोड वाटलं.

शुक्रवार, ७ मार्च

बाईंनी अजून डोळे उघडलेले नाहीत.

रविवार, ९ मार्च

चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर चिमणीला बागेत गाठलं. खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "मी तुला माफ केलंय गं. बाईही करतील. फक्त यापुढे कुठेही कामाला लागलीस तरी आधी वही वाचत जा."

तिनं माझ्याकडे बघितलं, किती वेळ! मग म्हणाली, "हो मावशी. चुकलंच माझं."

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शनिवारी शेवटचा तास मन तपासायचा असे. बाकावर हात जोडून, डोळे मिटून आठवड्यातल्या चुका आठवायच्या. बाहेर खेळाचं मैदान, मेणाच्या पॉलिशचा वास, सिस्टरच्या जपमाळेची बारीक खुळखुळ. मला दर वेळी शेजारणीच्याच चुका आठवायच्या! आज एकदम त्याचं हसू आलं. किती बावळट होते मी.

मंगळवार, ११ मार्च

दोन नंबरच्या आजींना आज तळमजल्यावर हलवलं. नोंद करायला वही घेतली. मागचं पान उलटलं.

ती नोंद माझ्या हातची नाही.

मी शिरोरेघ ओढल्याशिवाय अक्षर लिहीत नाही. शाळेत पट्टी खाऊन लागलेली सवय. या नोंदीला शिरोरेघच नाही. अक्षरं सुटी सुटी, पावसात सापडलेल्या कोंबड्यांसारखी. अशी फक्त चिमणी लिहिते. सुतारपक्षी चोच मारतो तशी पेन टोचत.

मी लिहिलंच नव्हतं. चूक माझी होती. आणि मी तिला माफ केलं! बागेत! खांद्यावर हात ठेवून!

बुधवार, १२ मार्च

चिमणीला कपड्यांच्या खोलीत गाठलं. चादरींच्या घड्या घालत होती.

"कधी लिहिलंस?"

"काय?"

"सोंग नको घेऊस. नोंद."

"बाईंना गाडीत घातलं ना, तेव्हा. सगळे फाटकाशी होते."

"का?"

चादरीचं एक टोक माझ्या हातात देत म्हणाली, "धरा नीट. ओढा. मावशी, मला काय, चार दारं आहेत कामाला. घरी नवरा आहे, बरा नाहीतर वाईट. तुम्ही कुठे जाल? तुमची खोली कामाबरोबरची. काम गेलं की खोली गेली."

"म्हणून तू खोटं लिहायचं?"

"मग काय, तुमच्यासारखं इंग्रजीत प्रार्थना म्हणत बसू?" हसली. मग एकदम गंभीर. "सिस्टरना सांगायचं नाही हं. सांगितलंत तर मी खोटारडीसुद्धा ठरेन. आत्ता नुसती वेंधळी आहे."

आम्ही दोघींनी मिळून अकरा चादरींच्या घड्या घातल्या.

गुरुवार, १३ मार्च

बावीस वर्षं या खोलीत आहे. पलंग, टेबल, भिंतीवर आईचा फोटो. साठी उलटल्यावर कोण ठेवून घेतं? भावजय? दोन दिवस ठेवेल, तिसऱ्या दिवशी पाहुण्यांची यादी सांगेल.

आणि सांगितलं तर चिमणीची फसवणूकही उघडी पडते. तिनं स्वतःच गप्प राहायला सांगितलंय. म्हणजे गप्प राहणं हीच दया नाही का?

किती छान बसवलं मी! अगदी चादरीच्या घडीसारखं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात धन्य म्हटलेल्यांत दयावंतांच्या पाठोपाठ शुद्ध मनाचे येतात. शाळेत वाटायचं, दोन्ही एकच. नाहीत. दया मला जमते. चारजण बघत असले की मग फारच छान जमते.

फादरकडे पापनिवेदन करता येईल. जाळीआड, कुजबुजत. फादर कोणाला सांगणार नाहीत. आणि चिमणी परवा जाईल.

नको. जाळीआड नको.

शुक्रवार, १४ मार्च

सांगितलं. सकाळी, न्याहारीच्या आधी, नाहीतर दुपारपर्यंत धीर राहिला नसता.

सिस्टर म्हणाल्या, "खाटा तुम्ही बदलल्या, ती दया. नोंद तिनं केली, तीही दया. आणि तुमच्या दयेपायी एक बाई बेशुद्ध पडली आहे, तिच्या दयेपायी दहा दिवस खोटं खपलं."

चिमणी राहते. गोळ्या तिनं नियमानं दिल्या होत्या. खोट्या नोंदीबद्दल सक्त ताकीद. औषधांचं कपाट आता येणाऱ्या नव्या नर्सकडे, खोलीही तिलाच. मला महिनाअखेरपर्यंत मुदत. किल्ली कमरेची काढून टेबलावर ठेवली. गाठ सुटता सुटेना, शेवटी सिस्टरनीच सोडवून दिली.

चिमणी संध्याकाळी दारातून म्हणाली, "शहाण्या आहात!" आणि रडत निघून गेली.

शनिवार, १५ मार्च

बाई शुद्धीवर आल्या! देवा, तुझे आभार. माझं नाव घेऊन विचारलं म्हणे.

रविवार, १६ मार्च

रुग्णालयात गेले. बाईंसमोर हात जोडले, सगळं सांगितलं. त्या डोळे मिचकावत ऐकत होत्या. मग मला जवळ बोलावून कानात म्हणाल्या, "गोळी माझी नाही हे मला पहिल्याच सकाळी कळलं होतं. माझी गुलाबी, ती पांढरी. पण बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, घोळ नको, जा परत चारवर. तीनही दिवस मुकाट गिळली." आणि ओठांवर बोट. "सिस्टरना नका हं सांगू! रागावतील मला."

परत आले तर सिस्टर फाटकातच. "बाई काही म्हणाल्या?"

दोष थोडा जरी दुसऱ्या कुणाचा निघाला तर सिस्टर माझ्या खोलीचा पुन्हा विचार करतील, असं मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"म्हणाल्या, भूक लागते आता."

ते त्या म्हणाल्याच होत्या. हे पान फाडून टाकते.