हळू आवाजातला सा

मंगळवार, पर्वत पाटिया

भाकरी थापता थापता मी गुणगुणायचे, तर हे मोरीतून ओरडायचे, "जोरात म्हण ना, ऐकूच येत नाही!" कापडाच्या कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटानं ह्यांचे कान गेले होते. मला मोठ्यानंच गायची सवय पडली.

काल गाण्याची पहिली शिकवणी. वाटलं होतं, एखादं भजन सांगतील. बाईंनी नुसता सा लावायला सांगितला, तोही हळू. मी लावला तर हसल्या, "मावशी, घरात कोणी बहिरं आहे का?"

"होते," म्हटलं.

त्यांनी पेटीचा सूर तेवढा धरून ठेवला. मला हळू जमेचना. हळू गायलं तर ह्यांना ऐकू कसं जाणार, हेच मनात. हे जाऊन वर्ष झालं, तरी? वेडी आहे का मी?

आज पुन्हा गेले. हळू सा लावला. म्हटलं, तिकडे आता ह्यांचे कान बरे झाले असतील.