मागचं वजन न कळणारी गाडी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, सकाळ

ती. आक्का यांना दत्तप्रसादचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे, दादांची साखर आणि परड्यातला फणस या तिघांची प्रकृती ठीक असावी, अशी आशा करतो. (तुमच्या पायांची चौकशी यावेळी नुसती रीत म्हणून केलेली नाही. कारण पुढे येईल आणि ते वाचून तुम्ही रागावाल.) माझं बरं आहे. डबा लावला आहे. भाजीत मीठ एक दिवस असतं, एक दिवस नसतं, पण दोन दिवसांचं मिळून बरोबर होतं. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर मी गप्प झालो की तुम्ही "ठेवला काय, ठेवला काय" असं विचारत राहता. मी ठेवलेला नसतो. मग शेवटी तुम्हीच ठेवता.

मी मोठी मोटरसायकल घेतली, हे नेसरीपर्यंत पोहोचलं आहे, असं दादांच्या बोलण्यावरून कळलं. मीनाक्षीला जाऊन वर्ष व्हायच्या आत घरात नवी वस्तू, तीही असली, हे तुम्हा दोघांना लागलं असणार. तुमची धाकटी बहीण गेली आणि तिचा नवरा फटफटी उडवत फिरतोय, असंच कुणालाही वाटेल. पेठेत दोन तट पडले आहेत. एकाचं म्हणणं मी दुसरं लग्न करणार, दुसऱ्याचं म्हणणं मी लडाखला जाणार. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा आकाराम मला म्हणाला, "दत्ताभाऊ, लडाखच सांगा. लोकांस्नी तेवढं पटतंय." प्रत्यक्षात मला घरापासून राजारामपुरीपर्यंत जायचं असतं. मध्ये परीख पूल. त्या पुलाखालच्या कोंडीतून जाताना या गाडीचा दुसरा गिअर पडला तरी पुष्कळ. हत्ती पाळायचा आणि त्याच्यावर बसून दळण आणायला जायचं, असला हा प्रकार हाय, असं आकारामचं मत आहे आणि ते मला खोडता आलेलं नाही.

पण कारण होतं. स्कूटरला काही झालेलं नाही, ती अजून एका किकमध्ये सुरू होते. अडचण माझी आहे. मीनाक्षीला रोज शाळेत सोडून मी पुढे ऑफिसला जात असे. ती एका बाजूला पाय सोडून बसायची आणि बसली की स्कूटर जराशी डावीकडे दबायची. दबली की मी निघायचो. "चला", "बसले" असलं काही ती कधी म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. (आम्ही दोघंही फार बोलणारे नव्हतो. पाहुणे आले की आम्हाला दडपण यायचं.) आता मी स्कूटर सुरू करतो आणि ती दबायची वाट बघत थांबतो. दारात थांबलो तर एक वेळ चालतं. पण उमा टॉकीजच्या चौकात ती फुलं घ्यायला उतरत असे, तिथेही माझा पाय आपोआप टेकतो. मागच्या महिन्यात मी तिथे असाच उभा असताना मागे एवढ्या गाड्या साठल्या की एक रिक्षावाला उतरून पुढे आला आणि म्हणाला, "ओ पावणं, कुणाची वाट बघतायसा?" तो चिडलेला नव्हता, खरंच विचारत होता. मी स्कूटर बाजूला घेऊन उगाच प्लग काढून पुसला.

त्याच आठवड्यात दाढीचा हप्ता भरायला गेलो असताना (दाढी म्हणजे माझा दात करणारा डॉक्टर, आडनाव दाढे, पेठेत सगळे त्याला दाढी म्हणतात) शेजारच्या शोरूममध्ये शिरलो. राजवीर नावाचा विकणारा मुलगा या गाडीची ताकद सांगत होता. बाकीचं मला कळलं नाही, पण एक वाक्य कळलं. तो म्हणाला, "काका, मागं काकू बसल्यात का न्हाय, हे ह्या गाडीला समजत बी न्हाय." आक्का, मी त्या वाक्यावर गाडी घेतली. दबणारच नाही म्हटल्यावर वाट बघायचा प्रश्न उरत नाही, असा माझा हिशेब.

घेण्यापूर्वी चालवून बघायची असते. राजवीर मागे बसला आणि आम्ही गंगावेशीकडे निघालो. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे गवळी मोटरसायकल फटफटवत पुढे जातात आणि त्यांच्या म्हशी त्या आवाजामागे पळतात, हे तुम्ही पाहिलंच आहे. म्हशीला तशी सवय लावलेली असते. मात्र दिवाळी संपली हे म्हशीला कोण सांगणार. नदीवरून धुऊन आणलेली एक काळीभोर म्हैस आमचा आवाज ऐकून कळपातून निघाली आणि आमच्या मागे लागली. मी घाबरून थांबलो. तीही थांबली. मी निघालो, ती निघाली. तिचा गवळी मागून ओरडत आला, "थांबू नगासा की! तुम्ही थांबला की ती बी थांबतीया. गोठा हितं म्होरंच हाय, तेवढं सोडा तिला." राजवीर म्हणाला, ही गाडी शोरूमची आहे. गवळी म्हणाला, "मग शोरूमनं सोडावं, माझी काय हरकत न्हाय." त्यामुळे शुक्रवार पेठेतल्या त्या गोठ्यापर्यंत आमची मिरवणूक गेली. दुकानांतून लोक बाहेर येऊन बघत होते. एका म्हातारीनं म्हशीला लांबूनच नमस्कार केला. मी हळू चालवत होतो आणि दर वळणावर आरशात बघत होतो, मागचं माणूस नीट येतंय ना म्हणून. (माणूस नव्हतं. पण सवय तीच.) गोठ्याशी म्हैस आत वळली तेव्हा मला करमेना. हे राजवीरला सांगण्यासारखं नव्हतं. "पिकअप चांगला आहे," एवढंच म्हटलं.

आता तुमच्या पायाचं. पैसे भरले, कागद झाले, तेव्हा टेबलावरची तेजस्वी नावाची मुलगी म्हणाली, "काका, गाडी न्यायला काकूंना घेऊन या हं. पूजा त्यांच्याच हातानं करायची, आमच्याकडं तशी पद्धत आहे." मी म्हणालो, ती गावाला गेली आहे. कधी येणार? ठरलं नाही. कुठलं गाव? नेसरी. का गेल्यात? इथे मी अडकलो आणि तुमचा पाय मोडला. क्षमा असावी. उजवा मोडला आहे, परड्यात पडून. त्या मुलीनं एवढी हळहळ केली की मला तुमची खरोखर काळजी वाटू लागली. तेव्हापासून ती दोन-चार दिवसांनी फोन करते. राजवीरनं कुठल्याशा वैद्याचं तेल तुमच्यासाठी आणून ठेवलं आहे, वास उग्र आहे. काकू आल्याशिवाय गाडी न्यायची नाही, आम्ही सांभाळतो, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं. गाडी लाल फीत बांधून काचेमागे उभी आहे आणि मी अजून स्कूटरवरच जातो.

खरं सांगून टाकायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण आक्का, मीनाक्षी गेली हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायची वेळच आली नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्हाला दादांनी सांगितलं, ऑफिसात आकारामनं, तिच्या शाळेत हेडबाईंनी. लोक माझ्याकडे आले ते कळल्यावरच आले. ते वाक्य माझ्या तोंडून जायचं राहून गेलं आणि आता ते पहिल्यांदा एका शोरूममध्ये म्हणायचं, हे जमत नाही. शिवाय तिथे एक टीव्ही आहे. गाडी घेणाऱ्यांची नावं त्यावर येत-जात असतात. श्री. दत्तप्रसाद व सौ. मीनाक्षी यांचे अभिनंदन, असं आमचंही येतं, गुलाबाच्या चित्रासकट. मी ऑफिसमधून परतताना वाट वाकडी करून तिथे रस्त्यापलीकडे थांबतो. आमचं नाव यायला जरा वेळ लागतो. खरं सांगितलं की ते नाव काढतील.

असो. फार लांबलं. दादांना नमस्कार. फणस उतरलात तर माझ्यासाठी पाठवू नका, एकट्यानं फणस फोडता येत नाही.

तुमचा,
दत्तप्रसाद

ता. क. एक विनंती होती, ती लिहायला एवढी पानं लागली. तुम्ही एकदा कोल्हापूरला या आणि शोरूममध्ये जाऊन त्या तेजस्वीला काय ते सांगा. मी बाहेर स्कूटरपाशी थांबेन. मात्र आत जाताना जरा लंगडत जा. उजवा पाय.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात तेजस्वीचाच फोन आला. काकू आल्या का म्हणून विचारलं. मी म्हणालो, ती आता येणार नाही, ती श्रावणात वारली. म्हणून झालं. तेजस्वी बराच वेळ बोलली नाही, मीही बोललो नाही, पण दोघांपैकी कुणी फोन ठेवला नाही. मग तिनं विचारलं, "काका, टीव्हीवरचं नाव कसं करू?" मी म्हटलं, गाडी नेईपर्यंत आहे तसं असू दे. ती म्हणाली, "मग पूजा तुम्हीच करा. उद्या या." तेव्हा तुम्ही यायचे कष्ट घेऊ नका. तुमच्या पायाचंही मी सांगून टाकलं, ती हसली, बहुतेक रडतही असावी. एवढंच कळवा: आधी हळद लावायची की आधी कुंकू, आणि कोणत्या बोटानं? दसऱ्याला मीनाक्षी गाडीची पूजा करायची तेव्हा मी नारळ धरून तिच्या मागे उभा असायचो, त्यामुळे मला नुसती तिची पाठ दिसायची. पत्र पोहोचेपर्यंत मी उद्याचं परवावर ढकलत राहीन.