एकेचाळीसच्या पुढचं पान

६ ऑगस्ट
आज रुजू झाले. चौथीचा वर्ग, बावीस मुलं, नवी पत्र्याची खोली, भिंतींना अजून रंगाचा वास. मोठ्या बाईंनी चहा पाजला. म्हणाल्या, मुलं अगदी गरीब आहेत, त्रास नाही. शिपाईमामा मात्र म्हणाले, बाई, अभ्यासाचं तेवढं मनावर घेऊ नका. मला हसूच आलं. मग शाळेत काय झोपा काढायच्या?

८ ऑगस्ट
सगळ्यांच्या पुस्तकांत एकेचाळीसच्या पुढची पानं डिंकाने चिकटवलेली, तीही कडेला कड जुळवून. एक ते एकेचाळीस वाचायचं, मग पुन्हा पहिलं. वर्षभर हेच. मामांनी कारण सांगितलं. गेल्या वर्षी यांच्या बाईंनी पान उलटायला सांगितलं आणि जुन्या खोलीचं छत कोसळलं. बाई गेल्या, पाच मुलं गेली. उरलेली चौथीतच राहिली. पण म्हणून पोरांनी जन्मभर चौथीतच बसायचं?

१३ ऑगस्ट
वर्गात बोलणारी एकच, तिला सगळे चिमणी म्हणतात. घडाघडा वाचते. ती पुढे गेली की बाकीची येतील, या हट्टाला मी पेटले आहे. नवी पुस्तकं मागवली. तिची आई हात जोडून म्हणाली, हिचं बोलणं तेवढं राहू द्या, दुसरं काही नको. मी म्हटलं, माझ्यावर सोडा.

१९ ऑगस्ट
नवी पुस्तकं आली. मीच म्हणाले, एकेचाळीसचं पान उलटा. चिमणीने उलटलं. एक शब्द वाचला, दुसरा अर्धा. कोणी किंचाळलं नाही. सगळी बाकांखाली, हात डोक्यावर, इतक्या शिस्तीत की — वर काहीतरी कडकडलं. पत्रा तर जागच्या जागी होता.

२० ऑगस्ट
चिमणी बोलत नाही. आई दारातून माझ्याकडे नुसती बघत होती. हे मी केलं.

२४ ऑगस्ट
डॉक्टर म्हणतात वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही. घरी साधं वर्तमानपत्र उलटायला गेले तर वर —

२७ ऑगस्ट
आज मीच एकेचाळीसला थांबले. पुढची अक्षरं कागदातून दिसतात, वाचता येत नाहीत. मुलांनी डिंकाची बाटली आणून दिली. किती मायेने —

२८ ऑगस्ट
बाकाखाली जागा करून दिली त्यांनी. चिमणीच्या शेजारी. तिने माझे हात माझ्या डोक्यावर ठेवले. एक काढून लिहितेय. वहीचं पान संपत आलं. उलटायचं नाही. बारीक लिहिते — तिच्या आईला सांगा, मी —