ग्रॅनाइटची मुक्ती

३ नोव्हेंबर, सकाळ
जयपुरातल्या तमाम मराठी बंधुभगिनींनो! मंडळातले भाषण असेच सुरू करायचे. आपल्या सर्वांवर एक अन्याय होतो आहे. सुंदर दगड आपण विकत घेतो आणि स्वयंपाकघरात कोंडतो. ओट्यालाच ग्रॅनाइट का? बैठकीने काय पाप केले?

जुना ओटा काल फोडला. नवा काळा ग्रॅनाइट आला. रेल्वे क्वार्टरांतल्या बुटक्या ओट्यांपुढे आमची सौ. कुसुम बत्तीस वर्षे वाकली. आता तिच्या उंचीचा होणार. तोवर गॅस जमिनीवर. चार दिवसांचा प्रश्न.

५ नोव्हेंबर
मिस्त्री भंवरलालजी आले. म्हणालो, या ग्रॅनाइटचे आधी बैठकीत माझे लिहिण्याचे टेबल. ते म्हणाले, साहब, पहले रसोई. वीस मिनिटे समजावले. शेवटी म्हणाले, जैसी आपकी मर्ज़ी. पटले.

कुसुमची आतून हाक : अहो, उठायला हात द्या, गुडघा धरलाय. एक मिनिट, म्हणालो. मुद्दा सुचत होता. ती पिंपाला धरून उठली. नारीशक्ती!

९ नोव्हेंबर
टेबल अप्रतिम. मग पुस्तकांच्या फळ्या, बाल्कनीत बाक. बाक सकाळी गारठतो, दुपारी तापतो. मधली वीस मिनिटे उत्तम. एक फळी भिंतीसकट खाली आली. भिंत कच्ची.

कुसुम म्हणाली, आणि ओटा? उद्या नक्की.

१३ नोव्हेंबर
मिस्त्रींनी टेप लावला. उरला हातभर तुकडा. ओटा होणार नाही म्हणतात. लोकांना कल्पनाशक्तीच नाही. त्याचा पोळपाट करून घेतला. कुसुमने तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला, मग माझ्या टेबलाकडे पाहिले. भारावली असावी.

१४ नोव्हेंबर
आमची मुलगी कादंबरी शहरातल्याच सोडाला भागातून आली. म्हणाली, बाबा, मतलब आई जमिनीवर आणि तुमचं पेन ग्रॅनाइटवर? मी भाषणातला उतारा वाचून दाखवला. तेवढ्यात दोघींनी शेगडी उचलून माझ्या टेबलावर ठेवली. सिलिंडर खाली नेमका बसला. उंची, कुसुम म्हणते, अगदी बरोबर.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
भाषण आठला. बैठकीत फोडण्या, कागदांवर तेल उडते. म्हणून रिकाम्या स्वयंपाकघरात, जमिनीवर, मांडीवर पोळपाट घेऊन लिहितो आहे. भाषण पूर्ण झाले. गुडघा धरला. दोन हाका मारल्या. कुसुम म्हणाली, एक मिनिट, फोडणी जळेल.

इथले पिंपही शेगडीमागोमाग बैठकीत गेले; धरायला काही नाही.

तमाम बंधुभगिनींनो, दुसरे काही मागत नाही. कुणीतरी एक जण आत या आणि मला उठायला हात द्या.