काठावरचा कोच

२५ एप्रिल
गावी पोचलो. हैदराबादहून रात्रभर बस, मग आळेफाट्यावरून दुधाच्या टेम्पोत. थोरल्या भावानं, सयाजीदादानं, साऱ्या वाडीला सांगून ठेवलंय की आमचा गोरख मोठ्या हॉटेलात पोहायचा कोच आहे. मी कोच म्हणालो नव्हतो. पूलचं सगळं माझ्याकडं असतं, एवढंच म्हणालो. ते खोटं नाही. जाळीनं पानं मी काढतो, पावडर मी टाकतो. काठावर उभं राहून किती पोरं शिकताना बघितली. बघून येतंच की.
ठरलं. दादाच्या श्रेयाला मळ्यातल्या विहिरीत शिकवायचं. उद्यापासून. पक्कं.

२६ एप्रिल
श्रेया गॉगल घेऊन आली. गुलाबी. वहिनीनं मंचरहून आणलाय. मी जागीच क्लास बंद केला. गॉगल लावून शिकलेलं पोर गॉगल नसला की घाबरतं. काढ, तर शिकवतो म्हणालो. ती म्हणाली, मग नाय शिकत जा, मला खाली काय हाय ते बघायचंय.
विहिरीत खाली काय बघायचं असतं? काही नसतं.
दादा म्हणाला, आमी काय गॉगल लावून शिकलो का? पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधला आन् दिलं ढकलून. (बिंडा म्हणजे वाळलेला हलका ओंडका. बुडू देत नाही.) वहिनी म्हणाली, म्हणून तर समदे डोळं मिटून पवता आन् एकमेकाच्या टाळक्यावर मुटक्याच्या उड्या मारता.
भांडण छान पेटलं. क्लास पुढं ढकलला. माझ्याकडून उशीर नाही, याची नोंद.

२८ एप्रिल, पहाटे
आधी आपण एकट्यानं प्रॅक्टिस करायची, असा नियम केला. कामावरचा पांढरा टी-शर्ट घातला. कालव्याला पाणी सुटलंय, विहीर भरलेली. काठावर बराच वेळ उभा राहिलो. पाणी गार वाटलं. वरूनच कळतं. गार पाण्यात पायात गोळे येतात. कोचनं रिस्क घेऊ नये.
कडेला फडक्यात भाकरी आणि गूळ होता. वहिनीला कोचच्या डाएटची काळजी दिसते. खाल्ली. भाकरी अळणी. चांगलंच, मीठ कमीच पाहिजे.
उद्या नक्की उतरणार.

३० एप्रिल
आजही काठावरच. वारा होता. भाकरी होती.
दुपारी साळूकाकी आली. माझी चुलती, शेजारच्या घरात एकटी असते. म्हणाली, गोरख्या, रोज पाण्याशी काम, भ्या न्हाई वाटत? भ्या कसलं काकी, म्हणालो. ती बघत राहिली. माझ्याकडं नाही, माझ्या उंचीकडं.
भरत तिचा मुलगा. आम्ही दुसरीत एका बाकावर होतो. तो बुडाला ती विहीर हीच. मी त्या दिवशी गोवरानं घरात पडून होतो, काही बघितलं नाही. काढला तेव्हा त्याचे डोळे उघडे होते म्हणतात. बघितलं नाही तरी दिसतं. तोंड धुताना पण दिसतं. म्हणून मी तोंड पटकन धुतो.
हे इथं लिहायचं काही कारण नव्हतं.

१ मे
वाडीत बोंब झाली. मळ्याला पाणी देणारा म्हातारा कुशाबा पहाटे मोटर चालू करायला गेला, तर विहिरीच्या काठावर पांढरं, लांबडं, नुसतं पाण्यात बघत उभं. बोलंना का हलंना. कुशाबा चपला तिथंच टाकून पळाला. आता त्याला ताप भरलाय.
मी तर रोज पहाटे तिथंच असतो, मला कसं दिसलं नाही? नशीब माझं.
मग सुचलं. मला दिसलं नाही म्हणजे ते माझ्या पाठीमागं उभं असणार. तेव्हापासून भिंतीला पाठ लावून बसलोय.
श्रेयाला सांगितलं, साती आसरांना खण-नारळ दिल्याशिवाय क्लास नाही. पाण्यातल्या देवींची परवानगी पहिली.

२ मे
शुक्रवार. साळूकाकीनं काठावर हळद-कुंकू वाहिलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या. एवढ्या वर्षांत तिला हसताना बघितलं नव्हतं. वहिनीला म्हणाली, कुशाबाला दिसला ना, त्यो भरतच. मोटा झालाय. आपल्या गोरख्याएवढा. मी भाकर ठिवते आन् त्यो खातुय, वैजयंती. चार दिस झालं, फडकं रिकामं. अळणी करते, त्याला मीठ सोसत नव्हतं.
भाकऱ्या दोन वेगळ्या असतील. वहिनीला विचारलं नाही. विचारायची गरजच नाही.

३ मे
आज श्रेया स्वतःहून म्हणाली, बरं काका, नाय लावत गॉगल, चल. हे अपेक्षित नव्हतं. मी विचार करून सांगितलं की विहिरीच्या पाण्यानं डोळे येतात, म्हणून लहान पोरांना गॉगल कंपल्सरी. तिनं खिशातून काढून लगेच लावला.
माझा खांदा दुखायला लागला.
शेवटी दादा उतरला. श्रेयाच्या पाठीला बिंडा. मी काठावरून कोचिंग दिलं. पाय मार, हात मार, श्वास घे. पोरगी तरंगली! मान खाली घातली, मग उताणी झाली, वर बघितलं आणि बोंबलली. काका, खाली नुसतं हिरवं हाय, मोटरचा पाइप हाय, मासं हायेत. पर वर बघितलं की तूच दिसतो! पांढरा, लांबडा, हलतोय नुसता. कुशाबाआजाचं भूत तूच हाय!
सगळी हसली. ताप उतरलेला कुशाबा म्हणाला, ये राव, माझ्या चपला दे आधी.
साळूकाकी जांभळीखाली बसली होती. ती हसली नाही. रिकामं फडकं उचलून घरी गेली.

४ मे
टी-शर्ट न घालता गेलो. काकी काठावर बसलेली. फडकं पुढं सरकवलं, म्हणाली खा, आज मीठ घातलंय. मी मान खाली घालून खाल्लं.
मग म्हणाली, त्या दिशी समदी डोळं मिटून बुड्या मारत व्हती. कुणाच्या हाताला लागंना. पोरांकडं आसलं चष्मं आसतं तर घावला आसता रं, लवकर घावला आसता. मग म्हणाली, काठावरचा तू व्हतास. मंग त्यो कुठं हाय? खाली बघ की एकदा.
गॉगल श्रेयाचा आणला. नाकावर बसेना. पाठीला बिंडा बांधायला काकीनंच मदत केली. पायऱ्या उतरलो. गार नव्हतं. मोटरच्या पाइपाला धरून डोकं आत घातलं आणि डोळे उघडले.
बघितलं. सगळीकडं बघितलं. माझे पाय, मासे, हिरवं. कोणी नव्हतं. तो बघत असेल या भीतीनं इतकी वर्षं गेली, आणि कोणी नव्हतं. त्यानं जास्त गार वाटलं.
वर आलो. काकीनं विचारलं, दिसला का?
म्हणालो, पाणी गढूळ आहे.
ती म्हणाली, मंग उद्या बघ.
पाणी काचेसारखं होतं.
हैदराबादला फोन करून सुट्टी वाढवून मागितली. कारण सांगितलं, गावाकडं कोचिंग चालू आहे.